बालसंधिवात आणि मुलाचा जबडा: पट्टीच्या मोजमापापासून दातांच्या तारेपर्यंत, काय आधी आणि काय नंतर

गुडघा सुजला की घरात सगळ्यांना दिसतो. मूल लंगडतं, शेजारी विचारतात, दवाखाना गाठला जातो. जबड्याचा सांधा मात्र कानाच्या अगदी पुढे, आत दडलेला असतो. तो सुजला तरी बाहेरून सहसा काही कळत नाही आणि पुष्कळ मुलं दुखतं म्हणूनही सांगत नाहीत. व्यायामासाठी माझ्याकडे बेळगाव भागातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडून मुलं येतात. त्यांच्या फायलीत गुडघ्या-घोट्यांचे एक्स-रे गठ्ठ्याने असतात, पण तोंड किती उघडतं याचा आकडा क्वचितच एखाद्या कागदावर सापडतो. पुढे कधीतरी लग्नाच्या फोटोत हनुवटी एका बाजूला गेलेली दिसते आणि घरचे थेट दातांना तारा लावायला धावतात. क्रम चुकतो तो इथे.

खालच्या जबड्याचं हाड ज्या जागेतून वाढतं, ती जागा याच सांध्यात, हाडाच्या टोकावर कूर्चेच्या पातळ थराखाली असते. त्यामुळे इथली सूज लांबली की सांधा झिजतोच, शिवाय हाडाची वाढही अडते. एका बाजूला झालं तर चेहरा त्या बाजूला वळतो. दोन्हीकडे झालं तर हनुवटी मागे राहते, पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीत. म्हणून आधी सूज शोधायची, मग ती औषधाने थांबवायची आणि त्यानंतर आकाराकडे वळायचं. खालचे सगळे टप्पे याच हिशोबाने लावले आहेत.

टप्पा १ : निदानाचा कागद तपासा

सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थरायटिस. फायलीवर बहुतेक वेळा नुसतं ‘जेआयए’ लिहिलेलं असतं. हे निदान ज्या मुलाचं झालंय, त्या प्रत्येकाचा जबडा तपासायला हवा, मग आजार एकाच गुडघ्यात का असेना.

आपल्याकडे तीन चुका ठरलेल्या.

‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, म्हणजे संधिवात नाही.’ बालसंधिवाताच्या बहुसंख्य मुलांत ही रक्ततपासणी निगेटिव्हच येते.

‘ईएसआर, सीआरपी नॉर्मल आहे, म्हणजे आजार शांत आहे.’ या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, पण जबड्यात सूज चालू असताना रक्त पूर्ण नॉर्मल येऊ शकतं.

तिसरी चूक एएसओ टायटर या रक्ततपासणीची. घशाच्या जुन्या संसर्गानेही हा आकडा वाढतो. तेवढ्यावरून ‘हृदयाचा वात’, म्हणजे संधिज्वर, ठरवून मुलाला वर्षानुवर्षं दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं जातं आणि खरा आजार तसाच राहतो. मात्र हे वाचून चालू इंजेक्शनं स्वतःहून बंद करू नका. खरोखर संधिज्वर झालेल्या मुलाला ती हृदयासाठी लागतात. मुलाचं नेमकं कुठलं निदान आहे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

टप्पा २ : घरची तयारी

एक शंभर पानी वही, एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, घरातला एक फोन. याहून जास्त काही लागत नाही.

पट्टी घेताना तिची कड बघा. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीत शून्याच्या आधी चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते. ती तशीच दाताला टेकवली की प्रत्येक माप तेवढ्याने कमी येतं. शून्यापाशी पट्टी नीट कापून कड पॉलिश पेपरने घासून घ्या, किंवा दहाची खूण दाताला लावून आलेल्या आकड्यातून दहा वजा करा. कुठलीही पद्धत चालेल, फक्त मधेच बदलू नका. पट्टी वहीलाच बांधून ठेवा, नाहीतर ती शाळेत जाते आणि पुढच्या महिन्यात दुसरीच पट्टी हातात येते.

वहीत सहा रकाने आखा: तारीख, वेळ, माप, कुठल्या दातावरून घेतलं, हनुवटी कुठे सरकते, तक्रार. आकडे आणि तारखा स्वच्छ लिहिल्या की काम भागतं. ओपीडीतले डॉक्टर कन्नड बोलणारे असोत की केरळहून शिकायला आलेले असोत, त्यांना हे पान एका नजरेत वाचता येतं.

टप्पा ३ : मोजमाप

सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यात होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

मूल खुर्चीत ताठ बसवा, डोकं मागे भिंतीला टेकलेलं हवं. मान मागे टाकून तोंड उघडलं की माप फसवं येतं. मुलाला जमेल तेवढा ‘आ’ करायला सांगा. हाताने ओढायचं नाही, चमचा घालून ताणायचं नाही. वरच्या मधल्या पटाशीच्या दाताच्या कडेपासून त्याच्याच खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा.

वेळ ठरलेली हवी. या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात आणि दुपारनंतर सैल होतात. एका महिन्यात सकाळी सातला आणि पुढच्या महिन्यात संध्याकाळी मोजलं तर फरक आजाराचा की वेळेचा, ते कळणार नाही. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी मोजलं की पुरे. काही घरांत रोज मोजतात. मूल त्याला कंटाळतं आणि तोंडच नीट उघडत नाही.

साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात एक पेच येतो: दुधाचे पटाशीचे दात पडतात. दात पडल्यावर त्याच जागी मोजलं की माप अचानक वाढतं आणि घरचे खूश होतात. नवा दात उतरला की ते पुन्हा कमी होतं आणि घरचे घाबरतात. दोन्ही वेळा सांध्यात काहीच घडलेलं नसतं. म्हणून दात पडला की शेजारचा दात धरा, वहीत तसं लिहा आणि कायमचे दात पूर्ण उतरल्यावर नव्या पानावर नवी मालिका सुरू करा.

शाळकरी मुलांत हे अंतर साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असतं, लहान मुलांत थोडं कमी. वय वाढेल तसं तेही हळूहळू वाढतं. पट्टी नसेल तेव्हा मुलाचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांमध्ये बसतात का ते बघा. मुलाचीच बोटं हवीत, आईची नव्हे. पण मी बोटांच्या भरवशावर राहत नाही. मूळचं पन्नास उघडणारं तोंड चाळिसावर आलं तरी तीन बोटं आरामात बसतात. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठून कुठे आला, हे बघायचं असतं.

आता हनुवटीची वाट बघा. मुलासमोर बसा आणि त्याला तोंड सावकाश उघडायला सांगा. निरोगी जबडा सरळ खाली जातो. एका बाजूचा सांधा आखडला असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते, कारण दुसरा सांधा पुढे येतो आणि आजारी सांधा जागीच राहतो. डोळ्यांनी ठरत नसेल तर एक काळा दोरा कपाळापासून नाकाच्या शेंड्यावरून सरळ खाली धरा आणि वरच्या-खालच्या दातांच्या मधल्या फटी त्याच्याशी ताडून बघा.

फोटो दर तीन महिन्यांनी पुरेत: समोरून तोंड मिटून, समोरून तोंड उघडून, दोन्ही बाजूंनी आणि एक हनुवटीच्या खालून वर बघणारा. चेहऱ्याचा वाकडेपणा या शेवटच्या फोटोत सर्वांत लवकर दिसतो आणि नेमका तोच कुणी काढत नाही. फोन चेहऱ्याच्या उंचीला, दीड मीटर लांब धरा. सेल्फी कॅमेरा वापरू नका. त्यात पुष्कळदा डावं-उजवं उलटतं आणि त्वचा गुळगुळीत करणारे फिल्टर गालाच्या कडाही बदलतात.

*इथे थांबून तपासा.* लागोपाठच्या दोन मापांत पाच मिलिमीटर किंवा जास्त घट दिसली तर आठवड्याने पुन्हा मोजा. घट कायम असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. हनुवटी आधी सरळ जायची आणि आता सरकते, हे दिसलं तरी तेच करा, दुखत असो वा नसो.

टप्पा ४ : मुलाला प्रश्न कसे विचारायचे

‘जबडा दुखतो का?’ या प्रश्नाला मूल नाही म्हणतं. दुसरी-तिसरीतल्या मुलाला जबडा म्हणजे नेमकं काय, हेच ठाऊक नसतं. दुखणं जुनं असेल तर त्याला तेच नेहमीचं वाटतं. त्यापेक्षा ताटाकडे लक्ष ठेवा. मूल भाकरीची कड ठेवून मधलाच भाग खातं का? ऊस, शेंगदाणे, पेरू आपणहून टाळायला लागलंय का? चिरमुरे चहात बुडवून खातं का? सगळ्यांचं आटोपलं तरी ते पानावरच बसलेलं असतं का? आजी बऱ्याचदा हे आधीच बोललेली असते: ‘पोरगं जेवायला लई वेळ लावायलंय.’ घरचे त्याला लाड समजतात.

याशिवाय कान दुखतो म्हणून नेलं आणि कानात काही निघालं नाही, कानशिलं दुखतात, सकाळी तोंड आखडलेलं असतं, जांभई देताना चेहरा आवळतो, चावताना करकर आवाज येतो, रात्री घोरतं. यातलं काहीही तारखेसह वहीत लिहा.

*सावध:* तोंड कमी उघडण्यामागे दुसरी कारणंही असतात. मेथोट्रेक्सेट हे बालसंधिवाताचं औषध घेणाऱ्या मुलांना तोंडात फोड येतात. किडलेली दाढ किंवा उगवणारी दाढ असू शकते. निपाणी पट्ट्यातल्या पालकांना आणखी एक सांगायला हवं: मोठ्या मुलांत सुपारी-गुटख्यानेही तोंड आखडतं. गुटख्यावर बंदी आहे, पण पुड्या मिळतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाला दरडावू नका, पण डॉक्टरांपासून लपवूही नका, कारण त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

टप्पा ५ : आधी कुणाकडे

पहिला क्रमांक संधिवाततज्ज्ञांचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचा, शक्य असेल तर मुलांच्याच. त्यांच्या जोडीला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात-जबड्याची ठेवण सुधारणारे दंतवैद्य. तोंड आणि जबड्याचे शल्यविशारद त्यानंतर, गरज पडली तर. हाडवैद्याकडे जाऊन जबडा ‘बसवून’ घेणं यादीत कुठेच नाही. सुजलेल्या सांध्यावर झटका दिला तर नुकसानच होतं.

बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आणि दंत महाविद्यालयं आहेत. सुरुवातीची तपासणी, रक्त, एक्स-रे, दातांचे साचे यांसाठी लांब जायची गरज नाही. मुलांचे संधिवाततज्ज्ञ सगळीकडे मिळत नाहीत. पुष्कळ कुटुंबांना त्यासाठी पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. यातून एक रीत बसते: सहा महिन्यांतून एकदा मोठ्या शहरात आणि मधल्या काळात गावचे बालरोगतज्ज्ञ. ती चांगली चालते, पण तज्ज्ञांनी स्थानिक डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली असेल तरच. ‘मधल्या काळात कुठल्या तपासण्या, किती दिवसांनी, कुठला आकडा आला तर फोन करायचा’ हे त्या चिठ्ठीवर मागून घ्या.

पैशांचं आधी बघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत खासगी रुग्णालयातल्या पुष्कळ उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं. ते न घेता थेट भरती झालात तर नंतर काही हाती लागत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. त्यावर राजकारण भरपूर झालं, ते इथे नको. कोल्हापूर-मिरजेकडे जायचं असेल तर निघण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा: माझं गाव यादीत आहे का, कुठले कागद लागतील आणि हा उपचार योजनेत बसतो का. ओपीडीतल्या तपासण्या आणि रोजची औषधं बहुतेक वेळा योजनेबाहेर राहतात, हे धरूनच चला.

टप्पा ६ : योग्य तपासणी, योग्य वेळी

ओपीजी म्हणजे दातांचा आडवा, अख्ख्या जबड्याचा एक्स-रे. तो स्वस्त आहे, पटकन होतो आणि फसवतो. त्यात हाड दिसतं, सूज दिसत नाही. हाडाचा आकार बदलल्यावरच ओपीजी बदलतो. ‘ओपीजी नॉर्मल’ याचा अर्थ ‘अजून हाड झिजलेलं दिसत नाही’ एवढाच घ्या. सीबीसीटी म्हणजे जबड्याची त्रिमितीय एक्स-रे तपासणी हाड अधिक स्पष्ट दाखवते, पण सूज तिच्यातही दिसत नाही. सोनोग्राफीही या सांध्याच्या बाबतीत अपुरी पडते, कारण सांध्याचा आतला भाग हाडाआड राहतो.

चालू सूज दाखवणारी तपासणी एकच: दोन्ही जबड्याच्या सांध्यांचा, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट (सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन केलेला एमआरआय. चिठ्ठीवर ‘दोन्ही बाजू’ आणि ‘कॉन्ट्रास्टसह’ हे शब्द आहेत का, ते सेंटरवर पैसे भरण्याआधी वाचा. नुसता ‘एमआरआय टीएमजे’ (टीएमजे म्हणजे जबड्याचा सांधा) लिहिलेला असला की साधा स्कॅन होऊ शकतो आणि तोच खर्च पुन्हा येतो.

तयारी अशी:

१. मूत्रपिंडाचा त्रास पूर्वी कधी झाला असेल तर आधीच सांगा. कॉन्ट्रास्टपूर्वी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी, रक्ततपासणी मागितली जाऊ शकते, अलीकडचा रिपोर्ट जवळ ठेवा.

२. लहान मुलाला स्थिर ठेवण्यासाठी भूल किंवा झोपेचं औषध लागतं. तेव्हा किती तास उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. सहसा जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी त्यानंतरही काही वेळ चालतं. जोयडा-खानापूरच्या पहिल्या एसटीने येणाऱ्या मुलाला वाटेत कुणी बिस्कीट दिलं की त्या दिवशीचा स्कॅन रद्द होतो. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला हे बजावून ठेवा.

३. दातांना धातूच्या तारा बसवायच्या असतील तर त्या एमआरआयनंतर. धातूमुळे आजूबाजूचं चित्र बिघडतं.

४. तपासणीनंतर फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या. तज्ज्ञांना चित्रं स्वतः बघायची असतात.

रिपोर्टमधले शब्द दोन गटांत वाटून वाचा. सायनोव्हायटिस (सांध्याच्या अस्तराची सूज), इफ्युजन (सांध्यातलं पाणी), बोन मॅरो इडिमा (हाडाच्या आतली सूज) हे चालू सुजेकडे बोट दाखवतात. फ्लॅटनिंग (हाड चपटं होणं), इरोजन (हाडाची झीज) म्हणजे हाडाचं झालेलं नुकसान. दोन्ही गटांतले शब्द एकत्र येऊ शकतात. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: निरोगी मुलांच्या सांध्यातही थोडं पाणी, कॉन्ट्रास्टची थोडी चमक दिसते. त्यामुळे ‘माइल्ड’ या एका शब्दावर घरात रडारड नको. निर्णय स्कॅन, माप आणि मुलाची तपासणी एकत्र बघून होतो.

टप्पा ७ : आधी सूज थांबवायची

नेप्रोक्सेनसारखी सुजेची औषधं सुरुवातीला काही काळ नियमित दिली जातात. ‘दुखलं तरच’ दिली तर त्यांचा सुजेवर फारसा उपयोग होत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर मेथोट्रेक्सेट आणि त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे सूज वाढवणाऱ्या ठरावीक प्रथिनांना अडवणारी औषधं, जसं की अॅडालिमुमॅब. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जबड्याच्या सांध्यासाठी साधारण अशीच चढण आहे. हाड झिजायला लागलं असेल तर तज्ज्ञ पायऱ्या भरभर चढतात.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. ही चूक जिवावर बेतते. वार ठरवा, प्रत्येक स्ट्रिपवर तो वार मार्करने लिहा आणि औषध एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. या गोळ्या २.५, ५, ७.५, १० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतात. दुकानदाराने ‘तीच कंपनी, तीच गोळी’ म्हणून दिलेली स्ट्रिप घरी आणण्याआधी आकडा चिठ्ठीशी जुळवा. फॉलिक अॅसिड कुठल्या दिवशी द्यायचं, तेही चिठ्ठीवरच असावं. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणारे खूप. उलटीसारखं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. ठरलेल्या दिवशी ताप असेल तर डोस देण्याआधी फोन करा. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या सांगितलेल्या तारखेला व्हायलाच हव्यात. गोवर-कांजिण्यांसारख्या जिवंत लसी या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. घटक न लिहिलेली ‘वाताची पुडी’ सोबत चालू ठेवू नका. यकृताचे आकडे बिघडले की कशाने बिघडले, ते कुणालाच सांगता येत नाही.

बायोलॉजिक सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी अटळ आहे. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लाजू नका, सांगा. इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. पुण्याहून रात्रीच्या बसने आणताना ते थेट बर्फाला टेकवू नका, गोठलं की वाया गेलं. घरच्या फ्रिजमध्येही ते दारात किंवा फ्रीझरखाली न ठेवता मधल्या कप्प्यात ठेवा.

सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देणं हा एक पर्याय आहे, पण वाढत्या वयात या एका सांध्याबाबत तज्ज्ञ हात राखून असतात. तिथे हाडाची वाढ खुंटण्याचा आणि सांध्यात नको तिथे हाड तयार होण्याचा धोका नोंदला गेला आहे. ‘गुडघ्यात दिलं तसं इथेही वारंवार देऊ’ असं कुणी सुचवलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

टप्पा ८ : स्प्लिंट, व्यायाम, तारा, शस्त्रक्रिया

हा टप्पा सातवा सुरू झाल्यानंतरचा. औषध लागू पडतंय, असं ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणाले की ऑर्थोडॉन्टिस्टना पूर्ण फाईल दाखवा. ते दातांवर बसणारी स्प्लिंट देऊ शकतात. तिने सांध्यावरचा भार कमी होतो, काही प्रकारच्या स्प्लिंटने जबड्याच्या वाढीला दिशा देता येते. सूज पेटलेली असताना नुसत्या तारा लावल्या तर दात सरळ होतात, पण खालचं हाड मागेच राहत जातं आणि दोन वर्षांनी चावा पुन्हा बिघडतो. बालसंधिवात आहे हे ऑर्थोडॉन्टिस्टना पहिल्याच भेटीत सांगा. गुडघ्याचा दाताशी काय संबंध, असं वाटून पालक बोलत नाहीत.

व्यायामाबाबत माझं मत जरा कडक आहे. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत घालून तोंड रोज थोडं थोडं फाकवायचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. ते सुजलेल्या सांध्यासाठी नाहीत. घरी चालेल ते एवढंच: गरम पाण्यात पिळलेला रुमाल कानापुढे दहा मिनिटं, मग जिभेचा शेंडा टाळूला टेकवून आरशात बघत तोंड सरळ रेषेत उघडायचं-मिटायचं, सावकाश, दुखायच्या आत थांबायचं. ताण देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टने हात लावून तपासल्यावरच.

शस्त्रक्रिया सहसा आजार शांत झाल्यावर आणि शक्यतो वाढ पूर्ण होत आल्यावर करतात. श्वासाला अडथळा होत असेल तर आधीही करावी लागते. आपल्या भागाला जवळचं ठिकाण म्हणजे धारवाडचं एसडीएम दंत महाविद्यालय, तिथे चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेचा विभाग आहे.

टप्पा ९ : रोजचं खाणंपिणं

दुखण्याच्या दिवसांत भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, मऊ भात, पेज, आंबोळी, उकडलेलं अंडं. वर्षभर पातळ पेजेवर मात्र ठेवू नका. मूल वजनाने मागे पडतं आणि चावायचे स्नायूही सुस्त होतात. दुखणं ओसरलं की नेहमीचं जेवण. ऊस सोलून दाताने ओढणं आणि च्युइंग गम मात्र बंद.

तोंड कमी उघडतं म्हणून मागच्या दाढा घासल्याच जात नाहीत आणि किडतात. लहान डोक्याचा ब्रश आणा आणि आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनी फिरवा. दंतवैद्याकडे लांबलचक काम एका बैठकीत उरकायचा आग्रह नको, मधे मधे तोंड मिटायला वेळ मागा.

टप्पा १० : भूल देण्याआधी आणि तातडीच्या वेळी

टॉन्सिल असो, अपेंडिक्स असो की हात मोडलेला असो, भूल द्यायची वेळ आली की भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी स्वतःहून सांगा: बालसंधिवात आहे, तोंड अमुक मिलिमीटर उघडतं, मान पूर्ण वळते किंवा वळत नाही. लहान जबडा आणि ताठ मान असेल तर श्वासाची नळी घालणं अवघड जातं. त्यांना आधी कळलं तर ते वेगळी तयारी ठेवतात. वहीच्या पहिल्या पानावर हे लाल शाईने लिहून ठेवा.

त्याच दिवशी दवाखाना गाठायची कारणं:

– तोंड अडकलं, मिटत किंवा उघडत नाही
– ताप, गालावर लाली आणि सूज, तोंड उघडता येत नाही. हा संसर्ग असू शकतो
– झोपेत घोरताना श्वास मधेच थांबतो
– डोळा लाल, अंधुक दिसणं किंवा उजेड सहन न होणं

डोळ्याचं आणखी थोडं. या आजारात डोळ्याच्या आतली सूज बहुतेक वेळा काहीही न जाणवता येते. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या, सात वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या मुलांना पहिली काही वर्षं दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या तज्ज्ञांकडच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळे तपासावे लागतात. इतरांना सहा ते बारा महिन्यांनी. जबड्याच्या तारखेसोबतच ही तारीखही त्याच वहीत लिहा.

टप्पा ११ : औषध थांबल्यावर

गुडघा बरा झाला, औषध बंद झालं, की वही कपाटात जाते. जबड्यात आजार एकटाही परत येऊ शकतो, बाकीचे सगळे सांधे शांत असताना. औषध थांबल्यावर पहिलं वर्षभर महिन्याचं माप चालू ठेवा, त्यानंतर दर तीन महिन्यांनी. चेहऱ्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे मुलींत साधारण सोळा आणि मुलांत अठराच्या आसपास, हे सोडायचं नाही. दहावी-बारावीनंतर मूल कोल्हापूर, पुणे किंवा बेंगळुरूला शिकायला गेलं तर वही त्याच्याकडे द्या आणि आरशासमोर बसून माप कसं घ्यायचं, ते जाण्यापूर्वी त्याच्याकडून एकदा करून घ्या. वसतिगृहाजवळ कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, ते नाव आणि शेवटच्या एमआरआयची सीडी त्याच पिशवीत असू द्या.